बेडकीचं हूड

आईने गाडी घ्यायची ठरवली तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती सीटची?"

"दोन," आई म्हणाली.

"आणि घरात माणसं किती?"

आईने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. कोणीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी म्हणाले, "तीन."

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांना जगात कुठेही माणसं चढताना दिसली की ते आधी मोजतात. "लिफ्टमध्येसुद्धा पाटी असते, किती माणसं ते. एक जास्त झाला की लिफ्ट निदान कुरकुर तरी करते. इथे एक जण सरळ बाहेरच!"

"आळीपाळीने बसू," आई म्हणाली, आणि तिने असा चेहरा केला की बाबांनी पुढचं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं.

आता हे सगळं काय होतं ते सांगते. आई उघड्या गाड्यांची हुडं शिवायची. हूड म्हणजे त्या गाडीचं कापडी छप्पर. ऊन असलं की मागे दुमडून ठेवायचं, पाऊस आला की डोक्यावर ओढून घ्यायचं. दुकान आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी काढलेलं. आई माझ्याएवढी असताना शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट तिथेच यायची आणि दोऱ्याला मेण लावत बसायची. तिच्या बोटांना आजही मेणाचा वास येतो. शप्पथ, साबण बदलून बघितलाय मी.

माझं लहानपणही त्याच दुकानात गेलं. कापडाचे मोठे गठ्ठे आडवे ठेवलेले असायचे, त्यातल्या दोघांच्या मधल्या खळगीत मी झोपायचे. पाढे शिकले ते शिवणाच्या खडूने काळ्या कॅनव्हासवर लिहून. बाराचा पाढा एकदा चुकून एका गिऱ्हाइकाच्या हुडाच्या आतल्या बाजूला राहून गेला आणि तो माणूस तो तसाच घेऊन गेला. "बारा सक्के" पर्यंतच होता. अजूनही कुठेतरी रस्त्याने फिरत असेल अर्धा पाढा.

तेव्हा दुकानात काम असं असायचं की ऊन पडायला लागलं की दारात गाड्यांची रांग. आणि त्या रांगेत दहातल्या आठ गाड्या एकच. तिचं खरं नाव लांबलचक आहे, पण आमच्याकडे सगळे तिला 'लाडकी' म्हणायचे. छोटी, गोलसर, हसरा चेहरा, बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी खाली. प्रत्येकाला लाडकीच हवी. आजोबांनी आईला पहिलं हूड शिवायला दिलं तेही लाडकीचंच. आजोबांनी ते उलटं करून, नाकाजवळ धरून, एकेक टाका बघितला आणि म्हणाले, "बरं आहे." आई म्हणते, त्यानंतर आयुष्यात इतकं कौतुक तिचं कोणीच केलं नाही. बाबा म्हणतात, मी लग्नाची मागणी घातली ते काय होतं मग?

पण लाडकी इतकी खपली की तिची हुडं कारखान्यात तयार व्हायला लागली. खोक्यात घडी घालून येतात, सोबत चित्रांचा कागद. कोणीही बसवू शकतं. मी पाचवीत होते तेव्हा रांग अर्धी झाली, सातवीत असताना रांग म्हणावी असं काही उरलं नाही, आणि यंदा मी नववीत गेले तेव्हा आईकडे येणारं शेवटचं गिऱ्हाईक खोकं काखेत घेऊन आलं. "एवढं बसवून द्याल का?" आईने बसवून दिलं. गाडी गेल्यावर ती रिकामं खोकं किती तरी वेळ हातात धरून उभी होती.

त्याच महिन्यात अंगठा. उजव्या हाताचा, मुळाशी. वर्षानुवर्षं जाड कापडातून दाभण रेटून तिथलं हाड झिजलं होतं. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. नंतर चहाचा कप धराल, लिहाल, गाडीही चालवाल. पण दाभण विसरा." तारीख दिली. बरोबर नऊ आठवड्यांनंतरची.

बसस्टॉपवर आई म्हणाली, "मग एक शेवटचं शिवते. माझ्या गाडीचं."

"तुझी गाडी कुठेय?" मी विचारलं.

"तेच तर," आई म्हणाली.

तर असा सगळा मामला. नऊ आठवडे, त्यातले चार नुसते शिवायला हवेत, आणि गाडी अजून घ्यायचीय. साठवलेल्या पैशांत नवी येणं शक्यच नव्हतं, वापरलेलीच घ्यायची. आणि कोणती, हा प्रश्न आईच्या मनात आलाच नाही. लाडकी! आणखी कोणती?

फोन करायचं काम मी घेतलं. गेल्या वर्षीपर्यंत मी दुकानात पेन मागायलासुद्धा मैत्रिणीला पुढे करायचे. मग शाळेत एकदा बाईंनी बळेच माइकपुढे उभं केलं, आणि माझा आवाज सगळ्या मैदानावर गेला, तो मला इतका आवडला की तेव्हापासून मी थांबलेच नाही. बाबा मला 'रेडिओ' म्हणतात. रेडिओने पंधरा जणांना फोन केले. चौदांच्या किमती ऐकून बाबांनी नुसते डोळे मिटले. पंधरावे एक दातांचे डॉक्टर निघाले, त्यांची लाडकी जरा स्वस्त होती. हूड फाटलेलं होतं म्हणून.

"फाटलेलं! म्हणजे आपल्याला पाहिजे तसंच!" मी म्हणाले. आईने पर्स घेतली आणि आम्ही निघालो.

डॉक्टरांची गाडी लाल होती. मागच्या काचेजवळ शिवण हातभर उसवलेली. बाबा वाकून खाली गंज बघत होते, मी डॉक्टरांशी बोलत होते, गाडी किती चालली, आधीचा मालक कोण वगैरे. दहा मिनिटांनी मागे वळून बघते तर काय! आईने पर्समधून दाभण काढलेलं, तोंडात दोरा, आणि ती उसवलेली शिवण ओणवी होऊन शिवतेय!

"आई!" मी कुजबुजले. "अगं, काय करतेस?"

"एवढं सुटलंय फक्त," ती दोऱ्यातूनच म्हणाली. "बघवत नाहीये."

"अगं, हे आपल्याला कमी भाव करायला उपयोगी आहे!"

"झालंच." आणि झालंच. तिने दोरा दाताने तोडला, हाताने शिवण दाबली, आणि ते हूड असं दिसायला लागलं की गाडी दोन वर्षांनी लहान झाली. डॉक्टर भोवती फिरून आले. पुन्हा एकदा फिरून आले. "छान झालं हो," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "मी जरा घरात विचारून सांगतो."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. घरात विचारलं होतं. घरातलं माणूस म्हणालं होतं, आता चांगली दिसतेय की, कशाला विकताय?

बाबा हसून हसून सोफ्यावरून खाली आले. "रेडिओ, लिहून घे! पुढच्या वेळी आईचे हात बांधून न्यायचे!"

आई हसली नाही. अंगठ्याला तेल चोळत होती. आठ आठवडे उरले होते.

पुढची लाडकी शोधायला दहा दिवस गेले. एका शिक्षकाची होती. किंमत बाबांनी कशीबशी मान्य केली. निघताना मी आईच्या पर्समधून दाभण, दोरा आणि कात्री काढून घेतली, पोलिसासारखी. पण तिथे शिवायला काही नव्हतंच. गाडीवर नवंकोरं हूड होतं, खोक्यातलं. मास्तर कौतुकाने दाखवत होते, "मागच्याच महिन्यात टाकलंय. आता दहा वर्षं बघायला नको."

आईने त्यावरून हात फिरवला. एकदा आत बसली. वर बघत राहिली. बाहेर आली आणि म्हणाली, "नको."

"का?" बाबा चमकलेच. "गाडी उत्तम आहे! इंजिन ऐकलंस ना?"

"अहो, हे काढून मी दुसरं शिवू? चांगलं धडधाकट कापड फाडायचं? माझा हात होणार नाही." ती गाडीकडे न बघता चालायला लागली. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "हिला माझी गरजच नाही हो."

त्या रात्रीच्या जेवणाला कोणी बोललं नाही, मीसुद्धा. ही बातमी आहे, कारण रेडिओ सहसा बंद पडत नाही. आईने फक्त जुना एक फोटो काढला. आजोबा, दोन वेण्या घातलेली आई, आणि मागे लाडक्यांची रांग. त्या फोटोतली रांग मला आठवत नाही, माझ्या आधीची आहे. तरी मला ती आठवल्यासारखी वाटते. दुकानाच्या दारातलं ऊन, टोप्या घातलेले लोक, आणि आजोबा खडू कानावर ठेवून प्रत्येक गाडीला नावाने बोलावतायत.

मग मला सुचलं ते असं. जर लाडकीला आईची गरज नसेल, तर कोणत्या गाडीला असेल? जिचं हूड खोक्यात मिळत नाही तिला! म्हणजे जी कोणाची लाडकी नाही तिला! मी कारखान्यांच्या यादीत बघत बसले, कोणत्या उघड्या गाडीचं तयार हूड कोणीच बनवत नाही. तिसऱ्या दिवशी सापडली. कंपनीने ती चार वर्षं काढली, खपली नाही, बंद केली. तिचं इंजिन सीटांच्या मागे असतं, त्यामुळे सामान ठेवायला जागा म्हणाल तर जेवणाचा डबा आणि एक चप्पल. दिवे असे वर आलेले की समोरून अगदी बेडकी. आणि किंमत लाडकीच्या निम्मी!

"ही?" आई फोटो बघून म्हणाली. "ही आपल्याकडे एकदाच आली होती. आजोबा म्हणाले होते, हिला हूड पेलणाऱ्या कमानी तीन आहेत, बाकीच्यांना दोन, हिचं कापड बेतणं म्हणजे डोक्याला ताप." आणि मग, पहिल्यांदाच कित्येक दिवसांनी, तिचे डोळे जरा चमकले. "तीन कमानी," ती पुन्हा म्हणाली.

विकणाऱ्या एक निवृत्त टायपिंगच्या बाई होत्या. ताठ, बारीक, बोलणं तोडून तोडून, प्रत्येक वाक्याच्या शेवटी जणू घंटी वाजतेय. गॅरेजमध्ये बेडकी एका फुलाफुलांच्या चादरीखाली उभी होती. बाईंनी चादर ओढली. मोहरीच्या रंगाची. आणि हूड नाहीच. नुसत्या तीन लोखंडी कमानी, उघड्या.

"हूड उंदरांनी खाल्लं," बाई म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. नवं मिळत नाही. जो येतो तो विचारतो, हूड कुठे आहे? मी सांगते, उंदरांना विचारा."

"तुम्ही कधी चालवत होता?" मी विचारलं.

"रोज. इन्स्टिट्यूटला. मुली हसायच्या. बेडकी आली, बेडकी आली." त्यांनी दारावरची धूळ बोटाने पुसली. "नंतर त्याच मुली म्हणायच्या, बाई, एक चक्कर मारून आणा ना. प्रत्येकीला आणली. एका वेळी एक."

बाबांनी इंजिन बघितलं. सहा वर्षं उभी होती तरी बाई दर रविवारी चालू करून ठेवत होत्या. बाबांनी कान लावला, नाक लावलं, आणि अनिच्छेने मान हलवली. एखादी गोष्ट मनातून आवडली की ते अशीच अनिच्छेने मान हलवतात.

मी आईच्या पर्सवर नजर ठेवून होते. पर्स बंद होती. हात मात्र नव्हते. आईने जमिनीवरची ती फुलांची चादर उचलली होती, कमानींवर टाकली होती, टाचण्या कुठून आल्या देव जाणे, आणि खिशातल्या खडूने ती त्या चादरीवर रेघा मारत होती!

"ती माझी चादर आहे," टायपिंगच्या बाई म्हणाल्या.

आई दचकली. "अगं बाई! सॉरी हो. सवय. मी फक्त फर्मा, म्हणजे कापायचा नमुना... इथे बघा, मधल्या कमानीवर कापड दोन बोटं सैल सोडावं लागेल, नाहीतर दुमडताना चिमटेल. हिच्या मूळ हुडाला इथे सुरकुती पडायची ना?"

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "पडायची. डाव्या बाजूला."

"डाव्याच!" आई म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. भाव करायचा संपूर्ण कार्यक्रम मी आदल्या रात्री पाठ केला होता, आणि गिऱ्हाईकच आधीपासून मालकासारखं चादरीवर रेघा मारतंय! पण बाईंनी किंमत वाढवली नाही. उलट चादरही दिली. "फर्म्याला लागेल," म्हणाल्या. "शिवून झालं की दाखवायला आणा. फोटो नको. गाडी आणा."

सहा आठवडे उरले होते तेव्हा बेडकी आमच्या दुकानात आली. कितीतरी दिवसांनी दुकानात गाडी उभी होती. आईने कॅनव्हास पसरला, आणि मी शाळेतून आल्यावर दोऱ्याला मेण लावायला बसायला लागले. माझ्या बोटांनाही वास यायला लागला. वर्गात शेजारची म्हणाली, मेणबत्ती का आणलीस?

पहिले तीन आठवडे मस्त गेले. चौथ्यात कोपरे आले. हुडाच्या पुढच्या कोपऱ्यात कापडाचे चार थर येतात, वर पट्टी, खाली पट्टी, आणि हे मशीनला झेपत नाही. हातानेच. आई दाभण टोचायची, निम्मं आत जायचं, आणि तिचा चेहरा पांढरा व्हायचा. एका दुपारी दाभण निम्म्यावरच थांबलं. तिने दोनदा जोर केला. मग हात मांडीवर ठेवून नुसतीच बसली.

"पकडीने ओढ ना," बाबा दारातून म्हणाले. त्यांच्या खिशात कायम पक्कड असते.

"माझे वडील पकडीने सुई ओढणाऱ्याला कसाई म्हणायचे."

"तुझे वडील आत्ता आहेत का इथे?"

आईने कमानींकडे बघितलं. मग हात पुढे केला. "द्या इकडे. आज मी कसाई."

आणि ती ओढतच गेली. पकडीने, दातओठ खाऊन, प्रत्येक टाक्याला एक शिवी पुटपुटत. कोणती ते मी इथे लिहिणार नाही, शाळेतल्या बाई वाचतील. दोन्ही कोपरे झाले. तिने हूड उलटं करून, नाकाजवळ धरून, एकेक टाका बघितला. मी वाट बघत होते की ती काही बोलेल. ती फक्त म्हणाली, "चहा टाक ग."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हूड बेडकीवर चढलं. काळं, ताणलेलं, तीन कमानींवर तीन लाटा. टायपिंगच्या बाईंना दाखवायला आई एकटी गेली, आणि दोन तास आली नाही. बाई तिच्या शेजारी बसून इन्स्टिट्यूटच्या जुन्या रस्त्याने जाऊन आल्या होत्या, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन होतं. आईने नवंकोरं हूड मागे दुमडून टाकलं.

"अगं, एवढं शिवलंस कशासाठी मग?" बाबा ओरडले.

"दुमडता यावं म्हणून," आई म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले, बाबा पिशवी घेऊन बसने हॉस्पिटलला आले. वारा इतका होता की मी सबंध रस्ता बोलत होते आणि आईला एक शब्द ऐकू आला नाही. ती हसत होती. कुठल्या तरी जुन्या उन्हात असल्यासारखी.

परत येताना मात्र हिशोब चुकला. आईचा हात कोपरापर्यंत बांधलेला, गाडी बाबाच चालवणार, जागा दोन. म्हणजे पिशवी आणि मी बसने. आणि बारीक पाऊस सुरू झालेला. त्या दोघांनी हूड ओढून घेतलं आणि बेडकी डोळ्यांचे दिवे लावून निघून गेली.

माझी बस सगळ्या गावाला वळसा घालून आली. मी भिजत घरी पोहोचले तर बेडकी घराखालच्या दुकानासमोर उभी. इंजिन बंद. आणि ती दोघं अजून आतच बसलेली! मला वाटलं, आईला काही झालं. धावत जाऊन काचेवर थापटलं.

बाबांनी काच दोन बोटं खाली केली. आतून आईचा आवाज आला, "थांब ग पाच मिनिटं."

"का? दुखतंय का?"

"नाही ग." ती वर बघत होती, हुडाकडे. वरून थेंबांचा तो जाड, मऊ आवाज येत होता, कापडावरचाच येतो तसा. "तीस वर्षं शिवली, सगळी लोक घेऊन गेली. पावसात यांच्याखाली कधी बसलेच नव्हते मी."

बाबांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि काच वर केली. मी दुकानाच्या पायरीवर, पत्र्याखाली जाऊन बसले. पाच मिनिटांची वीस झाली. मी एकदाही हाक मारली नाही.